१९९१ चा रिकामा रकाना

(अनसिंग, जि. वाशिम येथे तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आयोजकांनी मला दिलेला विषय एका फलकावर मावला, हेच विशेष. विसाव्या शतकाच्या अखेरचे जग, त्यातली लोकसंख्या, त्यातले संघर्ष आणि वरून जागतिकीकरण. मी इतिहासाची प्राध्यापक नाही. इथे अनसिंगला दहावी केली, पुसदला इंजिनिअरिंग केले आणि गेली दहा-बारा वर्षे पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत डेटाचे काम करते. हे काम म्हणजे नेमके काय, असे अम्मीने विचारले तेव्हा मी सांगितले: दोन वह्या घ्यायच्या, एक जुनी, एक नवी. ओळीसमोर ओळ लावायची आणि काय वाढले, काय घटले ते सांगायचे. ती म्हणाली, "इतकंच? हे तर आपला किराणावालाही करतो." बरोबर आहे तिचे. फक्त किराणावाल्याची वही चुकली तर एका घराचे भांडण होते. देशाची वही चुकीची वाचली तर काय होते, ते आज सांगायचे आहे. म्हणून एवढ्या मोठ्या विषयातून मी दोनच वह्या उचलते. १९९१ ची जनगणना आणि २००१ ची जनगणना.

आधी आपल्या घरचे उदाहरण घेऊ. १९९१ च्या वहीत अकोला जिल्ह्याची लोकसंख्या बावीस लाखांच्या थोडी वर आहे. २००१ च्या वहीत अकोला जिल्हा सोळा लाख तीस हजार. म्हणजे दहा वर्षांत पावणेसहा लाखांच्या वर माणसे कमी झाली! महापूर नाही, भूकंप नाही, मग माणसे गेली कुठे?

कुठेच गेली नाहीत. ती इथे बसली आहेत. १ जुलै १९९८ रोजी अकोल्याचे तालुके काढून वाशिम जिल्हा झाला. २००१ च्या वहीत वाशिमची वेगळी ओळ आली, सुमारे दहा लाख वीस हजारांची. १९९१ च्या वहीत त्या ओळीसमोर काहीच नाही, कारण तेव्हा वाशिम नावाचा जिल्हाच नव्हता. आता एखाद्या अर्धवट हुशार पोराने त्या रिकाम्या जागी शून्य लिहिले तर काय निघेल? वाशिमची लोकसंख्या दहा वर्षांत शून्यावरून दहा लाखांवर गेली. तुम्ही हसता, कारण तुम्हाला माहीत आहे की १९९१ मध्ये तुमचे आईबाप इथेच होते. आमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यातच शिकवतात की 'नोंद नाही' आणि 'शून्य' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मशीनला हा फरक आपोआप कळत नाही, त्याला तो शिकवावा लागतो.

आता हेच देशपातळीवर कसे घडले ते बघा. ६ सप्टेंबर २००४ रोजी जनगणना कार्यालयाने धर्मवार आकडेवारी प्रसिद्ध केली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत मथळा होता: दहा वर्षांत मुसलमानांची लोकसंख्या ३६ टक्क्यांनी वाढली. महाराष्ट्रात पुढच्याच महिन्यात विधानसभेची निवडणूक होती. बाकी तुम्ही कल्पना करा.

फळ्यावर हिशेब करू या. १९९१ च्या वहीत देशातले मुसलमान १० कोटी १६ लाख. २००१ च्या वहीत १३ कोटी ८२ लाख. भागाकार करा. १.३६ येतो, म्हणजे ३६ टक्के वाढ. गणित अगदी बरोबर आहे. चूक गणितात नाहीच, वहीत आहे. १९९१ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये जनगणनाच झाली नव्हती. ते १० कोटी १६ लाख हे जम्मू-काश्मीर सोडून आहेत. २००१ मध्ये तिथे जनगणना झाली आणि त्या राज्यातले सुमारे ६८ लाख मुसलमान नव्या वहीत आले. जुन्या वहीत ते नाहीत आणि नव्या वहीत आहेत, म्हणजे सगळेच्या सगळे ६८ लाख 'वाढ' म्हणून मोजले गेले. ते बाजूला काढा आणि पुन्हा भागा. १३ कोटी १४ लाख भागिले १० कोटी १६ लाख. आला २९.३ टक्के. १९९१ च्या जम्मू-काश्मीरचा अंदाज धरून हिशेब केला तर २९.५ येतो. आधीच्या दशकात, १९८१ ते ९१ मध्ये, हाच दर ३२.९ होता. म्हणजे मथळा होता 'वाढीचा वेग चढला' आणि वहीत होते 'वाढीचा वेग उतरला'. पुढच्या दशकात, २०११ पर्यंत, तो आणखी उतरून २४.६ झाला.

हिंदूंच्या आकड्यालाही तोच धक्का बसला होता, पण किती? २०.३ चा साधारण २०. जम्मू-काश्मीरमध्ये मुसलमान बहुसंख्य, म्हणून रिकाम्या रकान्याचा सगळा भार एकाच बाजूला पडला. काही दिवसांतच जनगणना कार्यालयाने सुधारित आकडे पुढे केले. पण दुरुस्ती आतल्या पानावर छापली जाते. ३६ चा आकडा नंतर कित्येक वर्षे भाषणांत ऐकू येत होता. आता तो व्हॉट्सअॅपवर आहे.

पण मला जास्त महत्त्वाचे वाटते ते पुढचे. तो रकाना रिकामा का राहिला?

काश्मीरमध्ये १९८९-९० पासून बंदुका चालू झाल्या होत्या. दहशतवादी हल्ले होत होते, लष्करी कारवाया होत होत्या, संचारबंदी होती. १९९० च्या सुरुवातीच्या महिन्यांत काश्मिरी पंडितांची हजारो कुटुंबे घर सोडून जम्मूला, दिल्लीला तंबूत आणि छावण्यांत जाऊन पडली. अशा ठिकाणी शिक्षक घरोघरी जाऊन "घरात किती माणसे?" असे विचारणार कसे? त्याच्या दहा वर्षे आधी आसाममध्ये असेच झाले होते. तिथले आंदोलन तर लोकसंख्येवरूनच होते. परके किती आले, मतदार याद्यांत कोण घुसले, हा प्रश्न होता. त्या आंदोलनामुळे १९८१ ची जनगणना आसाममध्ये झाली नाही. म्हणजे ज्या प्रश्नावर भांडण, त्याचेच उत्तर मिळण्याचा मार्ग भांडणाने बंद केला. १८ फेब्रुवारी १९८३ ला नेल्ली आणि आसपासच्या गावांत एका दिवसात सुमारे दोन हजार माणसे कापली गेली. बहुतेक बंगाली बोलणारे मुसलमान होते, त्यात बायका आणि लहान मुले जास्त.

हे चक्र लक्षात घ्या. संघर्षामुळे मोजणी थांबते. मोजणी थांबली की पुढच्या वहीतला आकडा फुगतो. फुगलेला आकडा घेऊन कुणीतरी पुढचा संघर्ष उभा करतो. हे फक्त भारतात झाले असे नाही. लेबनॉनमध्ये शेवटची अधिकृत जनगणना १९३२ ची आहे. फ्रेंचांच्या काळातली. तिच्या आधारावर संसदेत ख्रिस्ती आणि मुस्लिम जागांचे प्रमाण सहास पाच ठरले. पुढे लोकसंख्या बदलली हे सगळ्यांना दिसत होते, पण पुन्हा मोजायची हिंमत कुणी केली नाही. मोजले तर वाटणी बदलावी लागेल! १९७५ ते १९९० पंधरा वर्षे तिथे यादवी चालली. १९८९ च्या ताईफ करारात जागा समसमान झाल्या. जनगणना मात्र आजवर झालेली नाही.

मी १९९१ हेच साल धरून बसले त्याला आणखी एक कारण आहे. आपल्याकडे त्या जनगणनेचा क्षण होता १ मार्च १९९१ चा सूर्योदय. त्याच्या आदल्या दिवशी, २८ फेब्रुवारीला, आखातातले युद्ध थांबले. म्हणजे गणक आपल्या गल्लीत फिरत होते तेव्हा आखातात बॉम्ब पडत होते. आणि ३१ मार्चला युगोस्लाव्हियाने शेवटची जनगणना केली. त्यात बोस्नियाचे चित्र होते: मुस्लिम ४३.५ टक्के, सर्ब ३१.२, क्रोएट १७.४, आणि साडेपाच टक्के लोक असे की ज्यांनी धर्म-वंश न सांगता 'आम्ही युगोस्लाव्ह' असे लिहून दिले होते. पुढच्या वर्षी युद्ध सुरू झाले आणि तोच तक्ता गावे वाटून घ्यायचा नकाशा झाला. कुठल्या गावात कोण किती, हे ठाऊक होतेच. १९९५ च्या जुलैत स्रेब्रेनिकात आठ हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. पुढची जनगणना थेट २०१३ ला झाली आणि तिचे निकाल भांडणामुळे २०१६ पर्यंत अडकून पडले. ४४ लाखांच्या आसपासचा देश ३५ लाखांवर आला होता. त्या साडेपाच टक्क्यांचे काय झाले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

१२ ऑक्टोबर १९९९ ला जगाची लोकसंख्या ६०० कोटी झाली, असे संयुक्त राष्ट्रसंघाने जाहीर केले. प्रतीक म्हणून एक बाळ निवडले, ते सारायेव्होच्या दवाखान्यात जन्मलेले. सरचिटणीस कोफी अन्नान यांनी ते हातात घेऊन फोटो काढला. त्याच सुमारास जगभर चर्चा चालू होती ती सॅम्युएल हंटिंग्टन यांच्या 'संस्कृतींच्या संघर्षा'ची. १९९३ चा लेख, १९९६ चे पुस्तक. मुस्लिम देशांत तरुणांची संख्या वाढते आहे आणि त्यातून संघर्ष वाढणार, असा त्यांचा एक मुद्दा होता. मला तो अर्धा पटतो. तरुण खूप आणि कामे कमी असतील तर गडबड होते, हे आपल्याला अनसिंगच्या बसस्टँडवरही दिसते. पण तो तरुण कुठल्या धर्माचा आहे यावर ते ठरत नाही.

आता माणसे जन्माने वाढतात तशी हलवल्यानेही वाढतात, हे सांगते. माझे मामू जोगेश्वरीत शिवणकाम करायचे. १९९१ च्या वहीत ते मुंबईचे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलीत श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसे मेली: ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, बाकीच्यांत ४५ जणांची ओळखच पटली नाही. मामूंचे कुणी गेले नाही, मशीन मात्र गेली. मार्चमध्ये ते मामी आणि दोन मुलांना घेऊन मुंब्र्याला गेले. त्यांच्यासारखे किती गेले, ते मुंब्र्यात उतरल्यावर कळते. खाडीच्या आणि डोंगराच्या मधल्या पट्टीत इमारतीला इमारत चिकटलेली आहे, पाणी अपुरे, दवाखाने अपुरे. २००१ च्या वहीत मामू ठाण्याचे झाले. आता मुंब्र्याची ओळ बघून कुणी म्हणाले, "पाहा, किती वाढले हे!" तर त्याला सांगायला हवे की मामूंच्या घरी या आठ वर्षांत एकही बाळ जन्मले नव्हते. घर हलले, इतकेच. जम्मूच्या छावणीतल्या पंडिताचेही तेच. खोऱ्यात घटलेला तो आणि जम्मूत वाढलेला तोच.

दंगलीशिवायही माणसे हलतात, आणि ती कथा वऱ्हाडाला चांगली माहीत आहे. आमचे घर पिंजाऱ्यांचे. दादा खांद्यावर पिंजण घेऊन खेडोपाडी फिरायचे. थंडी आली की तातीचा आवाज यायचा आणि बायका जुन्या गाद्या बाहेर काढायच्या. वऱ्हाडचा कापूस जगाच्या बाजारात गेला तो काही १९९१ ला नाही. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी इकडे तोंड वळवले. कारंजा, खामगावच्या बाजाराला सोन्याचे दिवस आले. अमेरिकेतले युद्ध थांबले आणि भाव कोसळले. म्हणजे परक्या देशातल्या लढाईने इथल्या शेतकऱ्याचे घर उठवणे-बसवणे हे आपल्याकडे दीडशे वर्षे जुने आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस वेग वाढला आणि आधार गेले, एवढा फरक.

१९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळले. तिथल्या भारतीयांना एअर इंडियाच्या विमानांनी दोन महिन्यांत परत आणले, सुमारे १ लाख ७० हजार माणसे. त्यांचे पाठवलेले पैसे बंद, तेल महाग, परकी चलन संपत आले. देशाला सोने गहाण ठेवावे लागले आणि जुलै १९९१ मध्ये अर्थव्यवस्था खुली करण्याचा निर्णय झाला. कारणे आणखी होती, पण आखाताचा धक्का त्यात मोठा. १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाली, ६५ टक्के शुल्क लावून. १९९८ पर्यंत ते शुल्क १५ टक्क्यांवर आले. त्याच काळात आपल्या जिल्ह्यात सोयाबीन पसरत होते, ज्याचा भाव तेलाच्या भावाशी बांधलेला. वाशिमच्या बाजारात सोयाबीनचा भाव का पडला याचे उत्तर मलेशियात होते. कापसाला १९७२ पासून राज्याच्या एकाधिकार खरेदीचा आधार होता, भानगडींसकट का होईना, पण होता. नवे शतक उजाडताना तोही मोडला. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यात वाशिम होता.

पिंजाऱ्याचे काम तर त्याआधीच गेले. फोमची गादी आली. अब्बांनी दुकान काही वर्षे रेटले, मग मोठ्या भावाला पुण्याला पाठवले. तांड्यावरची कितीतरी बंजारा कुटुंबे दिवाळीनंतर दरवर्षी ऊसतोडीला, बांधकामावर जातात. माझ्या वर्गातली मराठा-कुणब्यांची मुले चाकणच्या कारखान्यांत आहेत. एकाच गावातून सगळे निघाले, एकाच कारणाने निघाले आणि शहरात उतरल्यावर प्रत्येकाला दुसरा गर्दीसारखा दिसू लागला. मुंबईत गिरण्यांचे तसेच झाले. जानेवारी १९८२ च्या संपात अडीच लाख कामगार उतरले आणि त्यातल्या बहुतेकांची नोकरी परत आलीच नाही. ज्याने नोकरी नेली तो मालक, ते धोरण, तो जमिनीचा भाव डोळ्यांना दिसत नव्हता. शेजारच्या चाळीतला परप्रांतीय, परधर्मीय रोज दिसत होता. मग त्याची संख्या सांगणारा आकडा हवा असतो आणि तो कुणीतरी आणून देतोच.

आमच्या धंद्याला मात्र याच जागतिकीकरणाने जन्म दिला, हे कबूल केले पाहिजे. जुन्या संगणकांत साल दोनच अंकांत लिहीत. ९९ म्हणजे १९९९. मग ०० आले की मशीन १९०० समजणार! हा मोजणीतला घोटाळा दुरुस्त करायला जगातल्या बँका, विमान कंपन्या यांनी अफाट पैसा खर्च केला आणि ते काम मोठ्या प्रमाणात भारतीय पोरांकडे आले. पुण्या-बंगळुरूच्या कंपन्या त्यावर वाढल्या. माझ्यासारख्या पिंजाऱ्याच्या मुलीला नंतर त्यांत जागा मिळाली. मला गंमत वाटते ती ही, की दोन अंकांची चूक दुरुस्त करायला जगाने पाण्यासारखा पैसा ओतला. ३६ ची चूक दुरुस्त करायला एक वजाबाकी पुरत होती.

आता आपल्या घरात येऊ, कारण सगळे खापर मथळ्यावर फोडून मी मोकळी होणार नाही. आपला वाढीचा दर उतरत असला तरी तो इतरांपेक्षा जास्त आहे, हे खरे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहा. १९९२-९३ मध्ये मुस्लिम स्त्रीला सरासरी ४.४ मुले होत, हिंदू स्त्रीला ३.३. २०१९-२१ च्या पाहणीत मुस्लिम २.३६ आणि हिंदू १.९४. दोन्ही उतरले, आपला जास्त उतरला. अंतर १.१ होते ते ०.४ वर आले. उरलेले अंतर कशाचे? बिहारमधल्या हिंदू स्त्रीला केरळमधल्या मुस्लिम स्त्रीपेक्षा सरासरी जास्त मुले होतात. म्हणजे धर्म सोडून दुसरे काहीतरी काम करते आहे: शाळा, दवाखाना, लग्नाचे वय, हातातली कमाई. इराणमध्ये १९८० च्या दशकाच्या मध्याला हे प्रमाण साडेसहाच्या आसपास होते, २०००च्या सुमारास दोनच्या जवळ आले. तेव्हा तिथे इस्लामी राजवटच होती. खेड्यांत आरोग्य केंद्रे उघडली, मुली शाळेत गेल्या, सरकारने कुटुंबनियोजन पुन्हा सुरू केले, मौलवींनी आडकाठी केली नाही. जगात इतक्या वेगाने उतरलेले दर फार थोडे.

माझ्या नानीला नऊ बाळंतपणे झाली, सहा मुले जगली. ती निरक्षर होती. अम्मी सातवीपर्यंत शिकली, तिला आम्ही चौघे. मला एक मुलगी आहे. तिघींनी एकच नमाज शिकली. नानी म्हणायची, "काहून नऊ? तीन तर अल्लाहनं परत नेली, मंग भरोसा कोणाचा धरू?" गोवर, जुलाब, धनुर्वात यांनी मुले मरतात त्या गावात बाया जास्त मुले जन्माला घालतात. लसीकरण आले आणि अम्मीच्या चारपैकी चारही जगलो. लोकसंख्याशास्त्राचे मोठमोठे ग्रंथ जे सांगतात ते नानीने एका वाक्यात सांगितले होते.

म्हणून आपल्या मोहल्ल्यात कुणी छाती फुगवून "आपण वाढतोय" म्हणतो तेव्हा मला त्या मथळ्याइतकाच राग येतो. दोघे एकाच खोट्या आकड्यावर जगतात, एक भीती विकतो, दुसरा घमेंड. सोळाव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या मुलीच्या शरीरावर ही घमेंड उभी असते. आज इथे मागच्या रांगेत दहावी-बारावीच्या मुली बसल्या आहेत. महाराष्ट्रात मुसलमान १९९१ ला ९.६७ टक्के होते, २००१ ला १०.६०, २०११ ला ११.५४. त्यात बाहेरून आलेले मजूरही आहेत. हा आकडा बारा झाला की साडेअकराच राहिला याने या मुलींच्या आयुष्यात काही फरक पडत नाही. त्या बारावीनंतर वाशिमच्या किंवा अकोल्याच्या कॉलेजात जाऊ शकतात की नाही, याने पडतो.

शेवटी सध्याच्या वहीविषयी. २०२१ ची जनगणना झाली नाही. २०११ नंतर आपल्या सगळ्यांसमोर 'नोंद नाही' असेच लिहिलेले आहे, हिंदू-मुसलमान-बौद्ध सगळ्यांसमोर. म्हणून आज कुणी "अमुक जिल्ह्यात ते इतके टक्के झाले" असा आकडा पाठवला तर एवढेच विचारा: कुठल्या जनगणनेतला? २०११ नंतरचा असेल तर तो जनगणनेचा नाही, अंदाज आहे, आणि अंदाज कुणाचा आहे हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. नव्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ ला निघाली आहे. आपल्याकडे तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. यावेळी जातीचीही नोंद होणार आहे, आणि पिंजारी, बागवान, कुरेशी, तांबोळी या नावांना त्यात अर्थ आहे.

आपल्याकडे बऱ्याच घरांत या मोजणीची धास्ती आहे, ती मला माहीत आहे. जनगणना १९४८ च्या कायद्याखाली होते. एकेका घराची माहिती गुप्त ठेवायची, कोर्टात पुरावा म्हणूनही वापरायची नाही, असे त्याच्या १५ व्या कलमात आहे. ८ व्या कलमात एक जुनी सवलत आहे: रिवाज आड येत असेल तर बाईला नवऱ्याचे नाव सांगायची सक्ती नाही. हे वाचून माझी नानी आठवली, तिने जन्मभर नानांचे नाव घेतले नाही. नागरिकत्वाच्या नोंदवहीचे नियम वेगळे आहेत, २००३ चे. दोन गोष्टी एकत्र करून दार बंद करू नका. दार बंद केले की तुमच्या ओळीत रिकामा रकाना राहील आणि रिकाम्या रकान्यात पुढे कोण काय लिहितो ते आपण फळ्यावर पाहिले.

मातृभाषेचा प्रश्न येईल तेव्हा लहानपणी अम्मी तुमच्याशी ज्या भाषेत बोलली तीच सांगा. कुणी म्हणेल मुसलमान आहात तर उर्दूच लिहा, कुणी म्हणेल महाराष्ट्रात राहता तर मराठीच लिहा. तिथे बाजू घ्यायची नसते, खरे सांगायचे असते. मातृभाषेशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषांना जागा असते, तिथे उरलेल्या सांगा. जे पुण्यात, सुरतला, मुंब्र्याला राहतात त्यांनी तिथे मोजून घ्यावे. आईने हौसेने इथे नाव सांगितले तर ते दोनदा मोजले जातील. आखातात असलेल्यांची नोंद इथे होत नाही.

फळा पुसू नका. काश्मीरचा १९९१ चा अंदाज कसा काढला, हे मघाशी समोरच्या रांगेतून कुणीतरी विचारले होते. आता ते करू.